टाचणीची परीक्षा

गिरणीच्या डॉक्टर नाडगौडांना माणसाचं सोंग ओळखायला एक टाचणी पुरत असे. ती कोटाच्या कॉलरखाली खोचलेली असायची. एवढ्या भांडवलावर ते अकरा वर्षं डॉक्टरकी रेटत होते, असं सारजाबाईचं मत होतं आणि ते तिनं चाळीत कुणापासून लपवलेलं नव्हतं.

एकतीस सालच्या माघात तिच्या नवऱ्याच्या, हरिबाच्या पाठीवर रुईची गासडी कोसळली. कमरेखालचं सगळं मेलं. दीड महिना पाय ओल्या लुगड्यासारखे पडून होते. मग चैत्रात एका सकाळी ती त्याचं अंग पुसत असताना उजवा पाय आपसूक आखडला. हरिबा हसला. तेव्हापासून तो रोज म्हणायचा, "सारजे, तळव्याला चिमटा काढ की." पाय उडायचा. "बघ! जीव परत यायला लागलाय."

सारजाबाई नुसतं "हं" म्हणायची. शेकायला ठेवलेल्या विटेनं परवा त्याची टाच भाजली, टरारून फोड आला, आणि हरिबा त्याच वेळी शेजाऱ्याशी खिदळत होता. तिनं फोडाला तूप लावलं, चिंधी बांधली आणि त्याला काही सांगितलं नाही.

सोमवारी डॉक्टर कारकुनाला घेऊन खोलीवर आले. जायबंदी कामगाराला गिरणी खोलीत राहू द्यायची, सोंगाड्याला नाही. हरिबाला तोंड फिरवायला लावून डॉक्टरांनी तळव्याला टाचणी टोचली. पाय गुडघ्यात मुडपून उडाला.

"दुखलं?"

"न्हाय, साहेब."

"पाय म्हणतो दुखलं, तोंड म्हणतं नाही. दोघांतलं खोटं कोण?" डॉक्टर स्वतःच्याच विनोदावर हसले. कारकूनही हसला, ते त्याच्या नोकरीतच होतं. "लिहा, सोंग. शनिवारपर्यंत खोली रिकामी."

सारजाबाईनं टाचेची चिंधी सोडली. "आन ह्ये? सोंग करनारा टाच भाजून घील व्हय?"

"बाई, खोलीसाठी लोक काय वाटेल ते करतात."

शेजारचा मकदूम मुलाणी दारातून बघत होता. गल्लीतल्या कोंबड्या तोच कापायचा. सारजाबाईनं पाटीखालची कोंबडी ओढून त्याच्या हातात दिली.

"भाभी, अंड्यावरली हाय ही."

"कापा म्हनलं न्हवं! मान पार येगळी करा." मग ती खाटेकडं वळली. "तुमी तिकडं बघा."

हरिबानं मान वळवली नाही.

मकदूमनं बिस्मिल्ला म्हणत ओट्यावर सुरी फिरवली. सारजाबाईनं मुंडकं उचलून डॉक्टरांच्या बुटापाशी ठेवलं. तिकडं धड उठलं, पंख झाडत चार पावलं धावलं आणि कारकुनाच्या धोतरावर जाऊन आदळलं. कारकून किंचाळला.

"दुखलेलं ह्याला कळतं, ह्या मुंडक्याला. आन त्ये तिकडं नाचतंय. इचारा की साहेब, खोटं कोन बोलतंय?"

मकदूम म्हणाला, "टाचणी टोचा, साहेब. लई सोंगाडी दिसती."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. कॉलेजात त्यांनी डोकं काढलेला बेडूक पाहिला होता. पायावर तेजाबाचा थेंब पडला की तो पाय झटकायचा. पायाची वर्दी पाठीच्या कण्यातल्या दोरीपर्यंत जाते आणि तिथूनच, मेंदूला न विचारता, हुकूम सुटतो, असं परीक्षेत लिहून त्यांनी गुणही मिळवले होते. शिक्षणाचा तेवढाच उपयोग झाला होता.

"दोरी मध्येच तुटली," ते कारकुनाकडं न बघता पुटपुटले, "तर खालचं वर कळत नाही, वरचं खाली पोचत नाही. तुटल्याच्या खालचा भाग मात्र आपल्यापुरतं काम करतो."

"ठावं हाय तर मग लिवा की!"

कारकुनानं सोंग खोडलं. डॉक्टर मोठ्यानं सांगत गेले आणि तो लिहीत गेला. "पाय हलतात, ते केवळ कण्याच्या योगे. संवेदना नाही. पुढे सुधारणेची आशा नाही."

खोली राहिली. दुपारी सारजाबाईनं कोंबडीचा रस्सा केला. मकदूमच्या घरी वाडगा गेला. हरिबानं एक घास खाल्ला आणि ताट सरकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पांघरूण काढलं, तसा उजवा पाय उडाला. हरिबानं तोंड भिंतीकडं वळवलं.

"झाक त्याला," तो म्हणाला.