केन्साकूचा आवाज

कसबा पेठेतल्या त्या छोट्या मंडळाचा जिवंत देखावा म्हणजे गोपाळकृष्णकाकांचा आवाज, हे इतकं ठरलेलं होतं की त्याचा कधी ठरावसुद्धा झाला नव्हता. आवाज आधी रेकॉर्ड करायचा आणि मग मंचावरच्या मुलांनी त्यावर नुसते ओठ हलवायचे, अशी रीत. शिवाय खेळ संपला की हरवलेली मुलं आणि सापडलेल्या चपला माइकवरून पुकारायचं कामही काकांकडेच. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला घरात फारसं कुणी बोलू देत नाही. काका ती सगळी कसर गणपतीत भरून काढत.

यंदा मंडळ तरुणांच्या हाती गेलं आणि शेफालीने देखाव्याला एक जपानी ॲनिमे मालिका निवडली. कॉलेजात जाणारी ही पोरगी त्या मालिकेच्या नायकावर, केन्साकूवर, जीव टाकत होती. त्याचा आवाज काकांनी द्यावा असं तिने आदराने सांगितलं. नाही म्हणायची सोय नव्हती. एकदा बाहेरचा आवाज आला की आपण कायमचे प्रेक्षकांत, हे काकांना स्वच्छ दिसत होतं.

त्यांनी अख्खी मालिका पाहिली आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा केन्साकू म्हणे शहर वाचवायला निघालेला. त्यासाठी त्याने जिवलग मित्राला पकडून दिलं, भोळ्या माणसांना खोटंनाटं सांगून झुंजवलं, आणि शेवटी ज्या गुरुजींनी त्याला लहानाचं मोठं केलं त्यांनाच गच्चीवरून ढकललं. तेही मागे बासरी वाजत असताना! असला माणूस काकांनी वाड्याच्या दारातसुद्धा उभा केला नसता.

रेकॉर्डिंगला काकांनी मनातला सगळा राग आवाजात ओतला. दात खात, गुरगुरत त्यांनी संवाद म्हटले. केन्साकू होणारा केदार हसून हसून खाली बसला.

शेफाली मात्र हसली नाही. "काका, तो असा बोलत असता तर पहिल्याच भागात पकडला गेला असता. तो गोड बोलतो, म्हणून तर लोक फसतात."

मुद्दा बिनतोड होता. मग काकांनी बँकेत कर्ज नाकारताना काढायचे तो आवाज काढला. मऊ, समजूतदार, समोरच्याच्या भल्याची काळजी वाहणारा. "मी जे केलं, ते आपल्या सर्वांसाठीच केलं," हे शेवटचं वाक्य त्यांनी असं म्हटलं की केदारही मान डोलावू लागला. काकांना मनापासून आनंद झाला.

पहिल्या संध्याकाळी तो आनंद पार उतरला. केदार ओठ हलवत होता, आवाज घुमत होता, गुरुजी गच्चीवरून गादीवर पडले, शेवटचं वाक्य आलं आणि गल्लीभर टाळ्यांचा कडकडाट झाला. बापाच्या खांद्यावर बसलेली एक चिमुरडी "केन्साकू, केन्साकू" ओरडत होती. काकांना शरम वाटली. त्या बदमाशाला त्यांनी स्वतःच्या गळ्याने साळसूद करून सोडलं होतं, आणि रेकॉर्डिंग आता बदलता येणार नव्हतं. समोर माइक होता. शेफाली आपल्याला काढून टाकेल हे माहीत असूनही त्यांनी बटण दाबलं.

"एक सूचना," त्याच मऊ आवाजात ते म्हणाले. "आत्ता आपण ज्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या, त्यांनी नुकतंच आपल्या गुरुजींना गच्चीवरून ढकललं आहे. आपल्यासोबत कुणी शिक्षक आले असल्यास त्यांचा हात घट्ट धरून पुढे सरकावं. धन्यवाद."

गल्लीत असा हशा उसळला की मंचावर गादीवर मेलेले गुरुजीही हसू लागले. पुढच्या खेळापर्यंत ही बातमी चौकापर्यंत पोचली. लोक देखावा बघून पांगेनात, सूचनेसाठी थांबू लागले. केन्साकू मंचावर आला की लहान मुलं आता आनंदाने हुर्यो करत, आणि केदार अजूनच ऐटीत चालू लागला.

तो खेळ संपला तशी शेफाली तरातरा माइकपाशी आली. काका आपणहून खुर्चीवरून उठले.

"तो मला अजूनही आवडतो," ती म्हणाली.

"आवडू दे की. त्याचं वाक्य बोलताना मलासुद्धा तो फार आवडला. म्हणून तर घाबरलो."

शेफालीने काकांना दंडाला धरून परत खुर्चीत बसवलं, शेजारी एक स्टूल ओढलं आणि त्यांच्या कानाशी वाकली.

"मित्राला पकडून दिल्याचं सांगायचं राहिलंय," ती म्हणाली. "आणि तिसऱ्या भागातलं तर तुम्ही साफ विसरलात. चालू करा माइक, मी सांगते तसं बोला."