तिसऱ्या नंबरचा इंजेक्टर गेलेला नव्हता

मी एक जुना इंजेक्टर आहे. जुना म्हणजे बिघडलेला नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे सगळा घोळ त्यावरूनच झाला.

मित्रांनो, गाडीच्या इंजिनात आम्ही चौघे भाऊ. कारखान्यात आमच्या तोंडाला केसाएवढी बारीक छिद्रं पाडली. वायरीतून विजेचा इशारा आला की पेट्रोलचा फवारा मारायचा आणि लगेच थांबायचं, हे आमचं काम. मी तिसऱ्या नंबरचा. आमची मावशी ही गाडी टॅक्सी म्हणून चालवते. चढावर गाडी सरसर निघाली की ती स्टिअरिंगवर थाप मारून "शाब्बास" म्हणते. त्यातला पाव हिस्सा माझा आहे आणि तो मी कोणाला देणार नाही.

मावशीचा नवरा भारी टापटिपीचा. माझी वायर खुळखुळते म्हणून त्याने ती दोरीने करकचून बांधली. इंजिन सारखं हादरतं, वायरीला हलायला जागा नको का? वरचं आवरण शाबूत राहिलं, आतली तार तुटली. मला इशारा येईना. गाडी तीन पायांवर लंगडू लागली.

मावशीने ती गॅरेजमध्ये आणली. तिथल्या मिस्त्रीने तपासणीचं यंत्र जोडलं. त्यावर 'तिसरा इंजेक्टर, वायरिंगमध्ये दोष' असं आलं. पठ्ठ्याने पहिले दोन शब्द वाचले आणि पुढचं सोडून दिलं. मग स्क्रूड्रायव्हरचं टोक माझ्यावर टेकवून मूठ कानाला लावली. फवारा मारताना होणारी माझी टिकटिक त्याला ऐकू आली नाही.

"गेला हा," तो म्हणाला.

आता तुम्हीच सांगा, कोणी हाकच मारली नाही तर मी ओ कशी देणार? पण माझं ऐकतो कोण? त्याने मला उपटून भंगाराच्या डब्यात टाकलं. माझा नुसता संताप झाला. माझ्या जागी चकचकीत नवा बसला, आणि तोही मुका! खरं सांगतो, मला बरं वाटलं.

"नवापण खराब निघाला," मिस्त्री म्हणाला.

"अरे दादा, दोन्ही कसे खराब असतील?" त्याची बहीण म्हणाली. गॅरेजमधली वायरिंगची कामं तीच बघते. "वायर तपासलीस का?"

"चांगली दिसतेय की."

ताईने वायरीच्या टोकाला छोटा बल्ब लावून इंजिन सुरू करायला सांगितलं. बल्ब विझलेलाच. तिने दोरी कापली, वायर बोटांनी चाचपत हलवली, तसा बल्ब लुकलुकला. मग डब्यातून मला काढून मीटर लावला.

"हा ठणठणीत आहे."

"असू दे ना. नवा बसवलाय आता."

मावशी पुढे आली. "माझा होता तोच लावा," ती म्हणाली. "त्याने काय केलंय?"

ताईने तार जोडली. मिस्त्रीने मला पुसलं, नवी रबरी रिंग चढवली आणि जागेवर बसवलं. माफी मात्र मागितली नाही. एका रिंगवर माझी बोळवण होणार नाही, हे त्याने लक्षात ठेवावं.

मित्रांनो, मी दया मागत नाही. पुढच्या वेळी एखादा गप्प दिसला, तर त्याला उपटण्याआधी त्याच्यापर्यंत काही पोचतंय का ते बघा. तेवढंही बघायचं नसेल, तर निदान त्याला खराब म्हणू नका. मी ऐकून घेणार नाही.