कांद्याच्या सालीतली अंडी आणि रिहार्दचा लोलक

शुक्रवारच्या बाजारात एवढी गर्दी आमच्या पोद्लिप्ये गावात मी फक्त एकदाच पाहिली होती. बुटांचा कारखाना बंद पडला आणि उरलेला माल निम्म्या भावात काढला, तेव्हा. त्या दिवशी लोक पायांसाठी आले होते, या शुक्रवारी आत्म्यासाठी. ढकलाढकली मात्र तशीच.

गर्दीच्या मधोमध घडीच्या टेबलामागे रिहार्द उभा होता. पांढरा कोट, पांढरी दाढी, गळ्यात रेशमी दोरा आणि दोऱ्याला पितळेचा लोलक. गवंड्याच्या ओळंब्याला पॉलिश केलं की असा दिसतो.

"खोके बाजूला!" तो ओरडत होता. "छापील काही मला दाखवू नका. उद्या कोणी म्हणायला नको की रिहार्दने वाचून सांगितलं. नुसतं अंडं द्या. कोंबडीने घातलं तसं, उघडं!"

पुढची बाई रुमालातून अंडं काढून देई. तो ते तळहातावर घेई, अंगठ्याने हळूच गोल फिरवी. याला तो 'अंड्याची ओळख करून घेणं' म्हणे. मग डोळे मिटी, लोलक वर धरी. लोलक सरळ झुलला तर कोंबडी सुखी, गोल फिरला तर दुःखी.

"गोल... गोल... अरेरे! पिंजरा. तारांचा पिंजरा. पंख पसरायला जागा नाही. बाईसाहेब, तुम्ही यातना उकडून खाताय!"

बाई पिशवीतला खोका उपसून वाची. खरंच पिंजऱ्यातलं! गर्दीतून 'आहा' निघे आणि चार जणी छातीवर क्रूस काढत. पुढच्या माणसाचं अंडं मोकळ्या कुरणातलं निघे, तेही बरोबर. तासाभरात एकही चूक नाही.

एकदा अंड्यांनी पत जमली की मग कॉफीची पाकिटं यायची, केळी, सार्डिनचे डबे, मोजे. डबा न उघडता लोलक सांगायचा की हा मासा कुठल्या गुलामाने पकडला. या शर्टाला कोणाचे अश्रू लागलेत. इथे पडताळायला खोक्यावर काही नसायचं, पण आता विचारतो कोण? माणूस अंड्यात खरा ठरला होता. मी कारखान्याच्या खरेदी विभागात आयुष्य काढलं. एक खरी वस्तू तारण ठेवून शंभर खोट्या उधार उचलणारे पुरवठादार मला वासावरून कळतात.

माझं स्वतःचं मत लपवायचं कारण नाही. मी रोज वाचनालयात जाऊन वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचते आणि जगात कुठे काय पेटलंय त्याचा थोडासा धूर आपल्या पिशवीत असतो, असं मला वाटतं. कोको कोण तोडतं, गॅस कोणाकडून येतो, तीन युरोचा शर्ट तीन युरोला कसा परवडतो, हे विचारलं पाहिजे. कारखान्यात मी कातडं कुठून येतं ते विचारायची आणि साहेब म्हणायचे, "ओतिलिया, भाव विचार, गाव विचारू नकोस." पण विचारण्याला कष्ट पडतात. उत्तर अर्धवट मिळतं. मन खात राहतं. रिहार्दचं दुकान नेमकं त्या खाणाऱ्या मनावर होतं. तो म्हणे, कष्ट नकोत. लोलक सांगेल.

आणि लोलकाने वाईट सांगितलं तरी चिंता नव्हती. टेबलावर लाकडी चकत्यांचा ढीग होता. चकती फ्रिजमध्ये ठेवायची, रात्रीत यातना शोषून घेते, सकाळी अंडं निष्पाप. म्हणजे स्वस्त पिंजऱ्यातलंच आणा, खा आणि साधुसंत व्हा! कोंबडी तिथेच तारेत. शुद्ध झाला तो फक्त खाणारा. इतका निर्लज्ज माल मी चाळीस वर्षांत पाहिला नव्हता.

या सगळ्याचा भालदार होता आमचा विल्येम. माझा शाळेपासूनचा शेजारी, निवृत्त पोस्टमन. रोज सकाळी कॉफीच्या दुकानात उभं राहून जगाच्या बातम्या मोठ्याने वाचायचा आणि वाचता वाचता बहिष्कार जाहीर करायचा. एकदा त्याने एका देशावर रागावून केळी सोडली होती. त्या देशात केळी होतच नाहीत, हे त्याला मी सांगितलं तेव्हा म्हणाला, "तत्त्व महत्त्वाचं!" असल्या माणसाला लोलक म्हणजे पर्वणीच. नकाशाही बघायला नको.

त्या शुक्रवारी विल्येमने सुपरमार्केटमधली अंडी आणली होती. रिहार्दने दोनतीन हातात घेतली आणि सगळ्या खोक्याला पिंजऱ्यात टाकलं. विल्येमने तिथल्या तिथे चकती मागितली, पण ढीग संपला होता.

"उद्या चर्चसमोर देतो," रिहार्द म्हणाला. मग त्याने पलीकडे बोट केलं. "पण बंधूंनो, पिंजऱ्यापेक्षा भयंकर गोष्ट तुमच्या बाजारातच बसलीय."

पलीकडे येरित्सा बसली होती. तीसएक कोंबड्या, एक टेबल, पाटीवर हाताने लिहिलेलं नाव आणि पत्ता. गेल्या हिवाळ्यात तिचा नवरा गेला. चार आठवड्यांपूर्वी रिहार्दने तिच्या टेबलाला टेबल लावलं तेव्हा ती म्हणाली होती, "अहो, तुमचा ओळंबा जरा तिकडे हलवा, गिऱ्हाईकाला जागा होत नाही." लोक हसले होते. त्याच दिवशी लोलकाने निकाल दिला, "या कोंबड्या मालकिणीचं दुःख टिपून खातात. या अंड्यात मेलेला माणूस आहे." आणि दुसऱ्या दिवशी विल्येमने तो निकाल कॉफीच्या दुकानात बातम्यांसारखा वाचून दाखवला.

तेव्हापासून तिच्याकडे कोणी फिरकत नव्हतं. ईस्टरच्या तोंडावर, जेव्हा घराघरात अंडी रंगतात, तिच्या टोपल्या भरलेल्या होत्या.

मी तिच्यापाशी गेले. "किती दिवस असं चालवणार, पोरी?"

"नाही चालवणार, मावशी. सण झाला की कोंबड्या कापणाऱ्याला बोलावलंय. सगळ्याच देऊन टाकते." ती अंडी पुसत होती, पुसलेलीच पुन्हा पुसत होती. "मला एकच सांगा. खरंच जात असेल का हो? माझ्या रडण्यातलं काही... त्यांच्यात?"

मला राग त्या प्रश्नाचा आला. कोंबड्या नेल्या असत्या तरी एक वेळ चाललं असतं. या माणसाने तिचं रडणंसुद्धा संशयित केलं होतं.

संध्याकाळी विल्येम नेहमीप्रमाणे माझ्या स्वयंपाकघरात अंडी रंगवायला आला. बायको गेल्यापासून तो माझ्याकडेच रंगवतो. बाजारातला तोच खोका घेऊन आला होता.

"ही पापी अंडी माझ्या पातेल्यात?" मी म्हटलं.

"चकती उद्या मिळणार ना! मग शुद्ध होतील."

"तोवर पापीच?"

"तोवर शंभर टक्के पापी. रिहार्द मास्टरांनी सांगितलंय."

पातेल्यात कांद्याची सालं उकळत होती. मी बागेतली पानं पसरली, अजमोद्याचं, तिपानीचं, नेच्याचं, स्ट्रॉबेरीचं. पान अंड्यावर दाबायचं, जुन्या मोज्यात घट्ट बांधायचं आणि उकळायचं, म्हणजे तपकिरी अंड्यावर पानाची फिकट नक्षी उठते. त्याआधी व्हिनेगरने कवच पुसावं लागतं, नाहीतर रंग नीट धरत नाही. ते काम विल्येमचं.

"हा शिक्का निघता निघत नाही बघ," तो कुरकुरला. "तिनाचा आकडा तर खरवडावा लागतोय."

माझ्या हातातलं पान हातातच राहिलं.

शिक्का! कवचावरचा तो लाल शिक्का आम्ही सगळे दर ईस्टरला शिव्या घालत पुसतो आणि वर्षभर न बघता फोडतो. पहिला आकडा कोंबडी कशी ठेवली ते सांगतो. शून्य म्हणजे सेंद्रिय, एक म्हणजे मोकळ्या रानातली, दोन म्हणजे बंद कोठारातली, तीन म्हणजे पिंजरा. आणि मला दिसला रिहार्दचा अंगठा, अंडं हळूच फिरवणारा. ओळख करून घेणारा! येरित्साची अंडी घरगुती, तिच्या टेबलावरून विकली जाणारी. त्यांवर शिक्काच नसतो. वाचायला काही नाही म्हटल्यावर बिचाऱ्याने मेलेला नवरा वाचला.

मी आवाज सपाट ठेवला. "विल्येम, पैज लावतोस? उद्या ही अंडी रंगवून मास्टरांसमोर ठेवू. त्यांनी सगळी पिंजऱ्यातली ओळखली, तर मी चकती गळ्यात घालून गावभर फिरेन."

"आणि नाही ओळखली तर?"

"मी सांगेन ते करायचं."

"अगं ओतिलिया, तू आत्ताच दोरा शोधून ठेव!" तो खूश झाला. प्रत्येक शिक्का त्याने स्वतः पुसला, प्रत्येक मोजा स्वतः बांधला, आणि रात्री टोपलीसुद्धा आपल्याच घरी नेली, मी काही गडबड करीन म्हणून. मला तेच हवं होतं.

शनिवारी दुपारी सगळं गाव टोपल्या घेऊन चर्चमध्ये. हॅम, हॉर्सरॅडिशची तिखट मुळी, अक्रोडाची पोळी, रंगीत अंडी, त्यावर पाद्रीबाबांचं पवित्र पाणी. बाहेर लिंडेनच्या झाडाखाली रिहार्द चकत्यांची नवी थप्पी घेऊन हजर. देवाचं गिऱ्हाईक बाहेर पडलं की याचं सुरू.

मी टोपली त्याच्या टेबलावर ठेवली. विल्येम शेजारी छाती पुढे काढून उभा.

"मास्टर, यातली कोंबडी सुखी कुठली, दुःखी कुठली, सांगा."

त्याने एक अंडं उचललं. अंगठा फिरला. नेच्याचं पान. पुन्हा फिरला. पलीकडेही नेच्याचंच टोक. त्याने अंडं परत ठेवलं.

"रंगवलेल्या अंड्यावर लहरी अडतात, बाईसाहेब."

"असं? सार्डिनच्या पत्र्यातून येतात आणि कांद्याच्या सालीत अडतात?"

मागून कोणीतरी फिसकन हसलं. विल्येमच मदतीला धावला. "मास्टर, दाखवा हो हिला! परवा तर तुम्ही म्हणालात, सिमेंटच्या भिंतीतूनही कळतं."

आता सुटका नव्हती. रिहार्दने डोळे मिटले. लोलक नेच्यावर झुलला. सरळ.

"मोकळी कोंबडी. डोंगरउतारावरची. सकाळचं ऊन दिसतंय मला."

अजमोद्यावर गोल फिरला. "पिंजरा! गुदमरतेय."

स्ट्रॉबेरीवर पुन्हा सरळ. "सुखी. हिला गाणी ऐकवतात."

तिपानीच्या अंड्यावर त्याचा चेहरा आंबला. येरित्सा चर्चच्या पायऱ्यांवर टोपली घेऊन उभी होती, ती त्याने पाहिली असावी. "हे तर... शोक. हे त्या विधवेचं आहे."

विल्येमचा रंग पातेल्यात घालण्याआधीच्या अंड्यासारखा झाला होता.

"मास्टर," तो म्हणाला, "ही सगळी एकाच खोक्यातली आहेत. सुपरमार्केटच्या. काल तुम्हीच त्यांना पिंजऱ्यातली म्हणालात. मी स्वतः शिक्के पुसले. टोपली रात्रभर माझ्या घरी होती."

"रात्रीत लहरी बदलल्या असतील—"

"चकती आज मिळणार होती! चकतीशिवाय बदलतात, तर चकती कशाला?"

विल्येमच्या तोंडून इतका सरळ प्रश्न मी पहिल्यांदाच ऐकला.

मी चष्मा घातला. समोरची बाई लोलकाला दाखवायला खोका घेऊन आली होती, तिच्या पिशवीतलं न रंगवलेलं अंडं मागून घेतलं, अंगठ्याने हळूच फिरवलं आणि डोळे मिटले. "बंद कोठारातली कोंबडी. बघा तुमचा खोका." तिने बघितलं आणि तोंडावर हात ठेवला. मग मी अंडं उंच धरून शिक्क्यावर बोट ठेवलं. "पहिला आकडा दोन. एवढंच. आता ज्याला हवं त्याने मास्टर व्हावं."

"पण लोलक तर हलतो!" गर्दीतला एकजण म्हणाला. "मी पाहिलाय!"

मी बोटातली लग्नाची अंगठी खिशातल्या दोऱ्याला बांधून त्या विचारणाऱ्याच्याच हातात दिली. "हात स्थिर ठेव. मनात म्हण, गोल फिर." त्याने जबडा आवळून हात रोखला, आणि अंगठी गोल फिरू लागली. तो घाबरून तिच्याकडे बघत राहिला. "भूत नाही त्यात. मनात जे धरलंस ते बोटं करतात, तुला न कळवता. दोरा लांब असला की बारीक थरथरही मोठी दिसते. आता मनात म्हण, सरळ." अंगठी सरळ झुलली. मग तो दोरा हातोहात फिरला, आणि पाद्रीबाबांनीसुद्धा करून पाहिलं.

रिहार्द चकत्या पेटीत भरत होता. "श्रद्धा नसेल तिथे मी थांबत नाही," तो म्हणाला.

"चष्मा असेल तिथे थांबत नाही म्हणा!" ओरडली ती मी नव्हे, काल क्रूस काढणाऱ्यांपैकी एक होती. गर्दीला निष्ठा बदलायला वेळ लागत नाही, म्हणून तिचं मी फार कौतुक केलं नाही.

विल्येम माझ्याकडे वळला. "बोल. काय करू?"

"मला काय विचारतोस? तिला विचार."

तो टोपी काढून पायऱ्यांपाशी गेला. "येरित्सा, चुकलं माझं. तुझी सगळी अंडी मी घेतो."

"अंडी नकोत घ्यायला," ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण पायऱ्यांच्या खालपर्यंत पोचला. "माझ्या नवऱ्याला तुम्ही कॉफीच्या दुकानात वाचून अंड्यात घातलंत, विल्येमकाका. मंगळवारी तिथेच उभं राहून त्याला बाहेर काढा. पहिली बातमी म्हणून. मग माझ्या कोंबड्या बघायला या. ज्यांना अंडी हवीत त्या सगळ्यांनी आधी बघायला यायचं. आत जायचं, वास घ्यायचा, शेणात पाय घालायचा आणि मग ठरवायचं."

मंगळवारी विल्येमने वाचलं. युद्धं, निवडणुका, तेलाचा भाव, सगळं मागे ठेवून आधी ते वाचलं. कागद थरथरत होता आणि या वेळी तो का थरथरतो ते सगळ्यांना ठाऊक होतं. दुपारी येरित्साच्या अंगणात लोक होते, बूट चिखलात आणि मान खाली. कापणाऱ्याला तिने फोन करून येऊ नकोस म्हणून सांगितलं.

रिहार्द म्हणे आता नदीपलीकडच्या गावात असतो आणि अंड्यांना हात लावत नाही. आमच्याकडेही काहींच्या फ्रिजमध्ये चकती अजून आहे. असू दे, म्हणतात, काय बिघडतं? बिघडतं ते हेच, की चकती आहे तोवर ते विचारत नाहीत.

म्हणून पुन्हा सांगते. जगात अन्याय आहे आणि त्यातला काही आपल्या पिशवीतून घरी येतो. तो ओळखायचा तर वाचा, विचारा, जमेल तिथे जाऊन बघा, आणि जे कळत नाही ते कळत नाही म्हणा. जो माणूस हे सगळं तुमच्यासाठी डोळे मिटून करतो म्हणतो, त्याने डोळे मिटण्याआधी काय पाहिलं, तेवढं पाहा.