दादाचं नाजूक काळीज

गजर कर्कश वाजला की ताई शुद्ध हरपून धाडकन पडायची. घरच्यांचं निदान तयार होतं: कामचुकारपणाची नाटकं, दुसरं काय! शेवटी डॉक्टरीणबाईंनी ताई आणि दादा, दोघा भावंडांचं रक्त तपासलं. हृदयाच्या पेशींतून पोटॅशियम बाहेर सोडणाऱ्या दाराचं जनुक दोघांतही बिघडलेलं निघालं. अचानक झालेला आवाज जिवावर बेतू शकतो, असं त्यांनी बजावलं.

दादा जन्मात कधी पडला नव्हता. पण रिपोर्ट हातात येताच त्याने अंथरूण धरलं.

"माझ्या लेकराचं काळीज पहिल्यापासूनच नाजूक!" आईने डोळ्यांना पदर लावला. दारावरची घंटा निघाली, फोन मुके झाले, वहिनी चवड्यांवर चालू लागली.

"आता याला सकाळी हळूच उठवायचं कुणी?" वडिलांनी विचारलं.

"ताई आहे की!" म्हणत आईने गजराचं घड्याळ ताईच्या उशाशी नेऊन ठेवलं.