सोसायटीच्या हॉलमधला पडदा

मी एक पडदा आहे. नम्रताने मला बुधवार पेठेतून आणलं आणि कोथरूडच्या त्यांच्या सोसायटीच्या हॉलमध्ये टांगलं. महिन्यातून एका रविवारी ती तिथे चित्रपट दाखवायची, कातडीच्या रंगावरून हिणवल्या गेलेल्या माणसांचे. लोक चित्रपट बघत, मी लोकांना बघे.

नम्रता कॉलेजात शिकवायची. चित्रपट संपला की तिचा सुदानचा विद्यार्थी इद्रिस लोकांशी बोलायचा, तेही मोडक्यातोडक्या मराठीत.

"आमच्या नातवापेक्षा बरं बोलतो," सगळ्यांसाठी चहा करणाऱ्या शेजारच्या आनंदीबाई म्हणायच्या.

एका रविवारी घरासाठी वणवण फिरणाऱ्या काळ्या कुटुंबाचा चित्रपट होता. नम्रताचे वडील रावसाहेब, सोसायटीचे अध्यक्ष, पहिल्या रांगेत बसले होते. चष्मा काढून त्यांनी दोनदा डोळे पुसले.

दिवे लागले. इद्रिस उभा राहिला. "मला खोली सोडायला सांगितली आहे. अकरा घरं बघितली. फोनवर हो म्हणतात, मला बघितलं की नाही म्हणतात." मग तो रावसाहेबांकडे वळला. "काका, तुमचा खालचा फ्लॅट रिकामा आहे ना?"

मागच्या रांगेत खुर्च्या सरकू लागल्या.

"अरे, तो भाड्याने द्यायचाच नाहीये," रावसाहेब म्हणाले.

"हरकत नाही, काका." त्या दिवशी तो चहाला थांबला नाही.

पुढच्या महिन्यात नम्रता मला टांगत होती, रावसाहेब खुर्च्या मांडत होते. खिडकीबाहेर टेम्पो उभा होता. त्यातला फ्रीज खालच्या फ्लॅटमध्ये चालला होता.

"बाबा, द्यायचा नव्हता ना?"

"बँकेतलं जोडपं आहे. मला या लोकांत राहायचंय, नम्रता. तुला पिक्चर दाखवायला काय जातंय?"

तिने तिथूनच इद्रिसला फोन लावला. तो कॉलेज सोडून हैदराबादला मित्राकडे गेला होता. गावी लढाई पेटलेली, तिकडे परतायची सोय नव्हती.

"आणि परीक्षा?" तिने विचारलं. फोन ठेवला आणि तिने मला खाली उतरवलं.

आनंदीबाई दारात आल्या. "आज नाही का?"

"नाही."

"चहा तरी?"

नम्रता पुन्हा हॉलमध्ये आली नाही. दोन वर्षं मी रावसाहेबांच्या घरच्या माळ्यावर पडून आहे, ओल लागून पिवळा पडलोय. रावसाहेब पाहुण्यांना सांगतात, "असले विषय आमच्या सोसायटीने केव्हाच हाताळलेत."

परवा ते म्हणत होते, पुन्हा सुरू करू या. करा. पण मला टांगू नका. भिंत पांढरी आहे, तिच्यावर दाखवा. मला आता तुमचे चेहरे बघवत नाहीत.