तुपकट बैल

ओल्या पॉलिशवर कुत्र्याचा केस चिकटलेला दिसला आणि सकाळचा चहा माझ्या घशाशी आला. दारव्ह्याला आमच्या घरामागे टिनाची शेड आहे. तिथे माझी नात रुपाली खरादावर, लाकूड फिरवून घडवायच्या यंत्रावर, लाकडी बैलाचं चाक फिरवत होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, पोरं असले चाकांचे बैल दोरीनं ओढत नेतात. या चाकावर केस होता, भुसा होता, आणि एक चिलट पाय पसरून कायमचं बसलं होतं.

"आजी, काहून तोंड वाकडं करून राह्यली?"

"चाट ते चाक. मंग समजते तुले."

माझा नवरा उकंडा खरादी होता. तेव्हा मोटर नव्हती. मी पट्टा ओढायची आणि तो फिरत्या लाकडावर पटाशी धरायचा. शेवटी लाखेची कांडी टेकवायचा, लाख वितळून लाकडावर बसली की शिंदीच्या पानानं घोटायचा. पण त्याआधी शेड झाडायची, पाणी शिंपडायचं, धूळ खाली बसेपर्यंत दोघांनी बाहेर बसून राहायचं. मला त्या बसण्याचा कंटाळा यायचा. आज ते बसणंच आठवत राहतं. त्याचे पाळणे अजून गावात हलतात. लेकरं त्यांचे दांडे चोखतात, आणि कुणाला काही होत नाही.

तो गेल्यावर खराद माझा झाला. मुलानं, बळीरामनं, मोटर बसवली, पण त्याचं मन तिथं रमलं नाही. पोळा झाला की मशीन न्यायला ये, असं त्यानं जुनी यंत्रं विकत घेणाऱ्या भीमसिंगला सांगून ठेवलं होतं. रुपालीला ते मान्य नव्हतं. तिला खराद चालवायचा होता. बाजारात विमलताईंचं खेळण्यांचं दुकान आहे. त्यांनी तिला तान्ह्या पोळ्यात ओढायला एक मोठा बैल करायला सांगितला. बैल पसंत पडला तर वर्षभराचं काम तिलाच मिळणार होतं. मी म्हटलं, काम मिळालं तर खराद तुझा, नाही तर भीमसिंगचा.

आणि ही पोरगी चिलटं चिकटवत बसली होती.

ते चाक तिनं घासलं. पुन्हा पॉलिश लावताना चिंधी बोटाला गुंडाळून फिरत्या चाकावर धरली. चाकानं चिंधी ओढली, आणि चिंधीबरोबर बोटही. नखाचं रक्त पॉलिशमध्ये मिसळलं. ते तपकिरी, चिकट मिश्रण पाहून मी शेडबाहेर जाऊन थुंकले.

"चिंधी चिमटीनं धरावी. गुंडाळू नाही. तुह्या आबानं कधी गुंडाळली नाही."

"मोबाइलमंधी तं गुंडाळते तो माणूस."

"त्याच्या बोटाले विचारून ये मंग."

पुढं तिनं पॉलिश वाळायच्या आधीच पाय न् चाकं वर्तमानपत्रात बांधून ठेवली. पावसाळी हवा. कागद सोडला तर चाकावर कोण्या पुढाऱ्याचं अर्धं तोंड उलटं उमटलेलं, वर पांढरी साय आल्यासारखी. बळीराम हसला. "पोरं पुढाऱ्याले चिखलातून ओढतीन," म्हणाला. मला हसू आलं नाही. मला कोणी उष्टं ताट पुढं सरकवावं तसं वाटलं. रुपालीनं सगळं घासून पुन्हा कोरं लाकूड केलं. तिचं तोंड मात्र तसंच होतं, भांडी घासल्यासारखं; किळस कुठंच नाही. मी तिच्या तोंडाकडेच बघत होते.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी गावात खांदशेकणी असते. बैलांच्या खांद्याला हळद-तूप चोळतात आणि उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. रुपालीला वाटलं, आपलाही बैलच. तिनं कोऱ्या लाकडाच्या वशिंडाला पळसाच्या पानानं हळद-तूप चोळलं, फोटो काढला. मला कळलं तेव्हा पोळ्याची दुपार झाली होती आणि त्यावर पॉलिशचे हात चढले होते.

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी मी वशिंडाला हात लावला. कातडी हलावी तसं वरचं पॉलिश हललं. खालून पिवळं तूप पाझरत होतं, खवट वास येत होता, आणि मुंग्यांची रांग पोटाखालून वर चढत होती. जन्मभर लाकूड हाताळलं, पण हात इतका घासून कधी धुतला नव्हता.

बळीरामनं भरजरी झूल आणली. "टाक वरून. विमलताईले काय दिसते?"

रुपालीनं झूल टाकली. बैल देखणा दिसायला लागला. मला त्या तुपापेक्षा या झुलीची जास्त किळस आली. पोरगी काय करते ते बघू म्हटलं.

विमलताई आल्या. चाक फिरवून पाहिलं. "बढिया आहे वो सत्यभामाबाई. चला, पोरं खोळंबली."

त्यांनी बैलाची दोरी हातात घेतली. तेवढ्यात रुपाली पुढं झाली आणि तिनं झूल उचलली. वास भपकन आला. पहिल्यांदा त्या पोरीचं नाक आक्रसलं, ओठ मुडपले.

"ताई, नका नेऊ. याले लेकरं हात लावतीन. मलेच कसंतरी होऊन राह्यलं."

विमलताईंनी पदर नाकाला लावला. "अवं, मंग मले दोन दिवस आधी सांगावं ना. आता मी पोळ्यात काय ओढू?" असं म्हणत त्या तरातरा निघून गेल्या. वर्षभराचं कामही त्यांच्याबरोबर गेलं.

दुपारी भीमसिंग गाडी घेऊन आला. "काकी, पोरीनं काम घालवलं म्हणते बळीराम."

"घालवलं."

"मंग मशीन उचलू?"

"नाही. तिले वास आला."

त्याला काही कळलं नाही. बळीरामला कळलं, खराद आता रुपालीचाच; तो पाय आपटत घरात गेला. गाडी रिकामी वळली. शेडमध्ये रुपाली काचेच्या तुकड्यानं वशिंड खरवडत होती. पिवळट, बुळबुळीत पापुद्रे तिच्या पायाशी पडत होते. मला ते बघवत नव्हतं. नाकाला पदर लावून मी तिथेच बसून राहिले.