राईतला निळा चौकोन

फोनवर लाल चौकोन उमटला तेव्हा मी चुलीपुढे मासे साफ करत होते. लाल चौकोन म्हणजे उपग्रहाला कुठेतरी झाडं कमी झालेली दिसली. आमच्या गावाचा नकाशा मी सांभाळते, त्यामुळे असा चौकोन आला की तिथवर चालत जायचं, फोटो काढायचा आणि पोंतियानाक शहरात, नकाशांच्या ऑफिसातल्या एर्नाताईला पाठवायचा, एवढं माझं काम. पण हा चौकोन आमच्याच राईत होता. हातातला मासा तसाच टाकून मी निघाले.

ती राई म्हणजे आमच्या जुन्या लांबघराची, सगळं गाव एका छपराखाली राहायचं त्या घराची जागा. घर केव्हाच गेलं, पण तिथे राहणाऱ्यांनी लावलेली दुरियानची फळझाडं उभी आहेत. वरून बघितलं तर नुसतं जंगल दिसतं. पामतेलाचे मळेवाले तेच तर म्हणतात, हे कुणाचंच नाही, द्या आम्हाला. म्हणून आम्ही एकेक झाड नकाशावर लावणाऱ्याच्या नावानिशी टिपलं. त्या कामात माझा नवरा दोनातुस माझ्याबरोबर राईभर हिंडला होता. तो झाडांची नावं सांगायचा, मी फोनवर टिपायचे. नंतर तो सरहद्दीपलीकडे सारावाकला गेला. तिथे पामच्याच मळ्यात फळांचे घड कापतो. हसावं की रडावं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

राईत कुणी चोर नव्हता. नेक रानुनचं झाड आपणहून आडवं झालं होतं आणि वर आभाळाचं मोठं भोक पडलं होतं. नेक रानुन म्हणजे दोनातुसची पणजी. मी झाडाशेजारी बसून घेतलं. रडू यायला हवं होतं, पण खरं सांगते, मला आनंद झाला. कारण आमच्यात असं झाड पडलं की लावणाऱ्याचा सगळा वंश जमल्याशिवाय त्याला कुऱ्हाड लागत नाही. आता तरी दोनातुसला यावंच लागणार होतं.

चार नाताळ झाले, तो आला नव्हता. आधी आठवड्याला फोन यायचा, मग महिन्याला, मग तेवढाही नाही. गावात कुजबुज होतीच. शेजारची मार्सेलावहिनी तर तोंडावरच म्हणायची, "तिकडे दुसरी चूल मांडली असेल गं त्याने."

आठवड्याभरात सगळे वाटेकरी जमले. लान्सो आजोबा आमच्या रिवाजाचे प्रमुख. ते खोडावर हात ठेवून म्हणाले, "लाव पोरी फोन. एकटा तोच राहिलाय."

मी बाजूला जाऊन फोन लावला. मी काही बोलायच्या आत दोनातुस म्हणाला, "नेक रानुन पडली ना?"

"तुला कुणी सांगितलं?"

"बघितलं. नकाशाची लिंक तूच दिली होतीस की. रविवारी सुट्टी असली की राई बघत पडतो."

माझं डोकंच फिरलं. "झाडं बघत पडतोस? आणि बायकोला एक फोन करायला बोटं झडली तुझी?"

"फोन करून काय सांगू? येतो म्हणून? पासपोर्ट साहेबाच्या कपाटात आहे. दर वर्षी म्हणतो, पुढच्या वर्षी देतो. किती वेळा तेच सांगू तुला?" मग हळूच म्हणाला, "तुला पण शोधतो गं. पण तू दिसत नाहीस. झाडांखाली असतेस."

तोच पुढे म्हणाला, "लाकूड सडवू नका. माझा वाटा सोडला म्हणून सांग."

वाटा सोडणं म्हणजे काय, ते त्यालाही ठाऊक होतं. राईतून नाव काढून घेणं. मी फोन कापला आणि परत येऊन आजोबांना सांगितलं, "तो म्हणाला, माझी वाट बघा."

आजोबांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "बघू की," एवढंच म्हणाले.

उपग्रह आमच्यावरून दर पाच दिवसांनी सकाळी जातो आणि त्याच्या चित्रात माणूस दिसत नाही. दहा-बारा पावलं लांब-रुंद जागा म्हणजे त्याचा एक ठिपका. हे माझ्याइतकं गावात कुणाला ठाऊक? म्हणून मी घरोघर जाऊन भात वाळवायच्या निळ्या ताडपत्र्या मागितल्या.

"जंगलात भात वाळवतेस होय?" मार्सेलावहिनीने विचारलं.

"नवरा वाळवतेय."

ती खो खो हसली आणि ताडपत्री डोक्यावर घेऊन माझ्यामागून आली. कुऱ्हाड लावायची नव्हती, म्हणून पडलेल्या फांद्यांवरूनच आम्ही ताडपत्र्या पसरल्या. पहिल्या खेपेला सगळं ढगांनी खाल्लं. दुसऱ्या खेपेला आभाळ लख्ख होतं. मी मधोमध जाऊन उभी राहिले. दिसणार नाही हे माहीत असूनही वर बघत राहिले. त्याची इतकी आठवण मला त्या चार वर्षांत कधी आली नव्हती.

आधी फोन आला तो एर्नाताईचा. "सेन्सी, राईत छप्पर कुणी घातलं? जंगलात बांधकाम दिसलं तर सगळ्या गावाचा जमिनीवरचा दावा अडेल ना!" मी खरं ते सांगितलं. ती म्हणाली, "लिहिते मी, भात वाळत होता म्हणून. पुन्हा करू नकोस."

रविवारी दोनातुसचा फोन आला. मागे कुणीतरी मलय रेडिओ लावला होता.

"सेन्सी, नेक रानुनच्या जागी ते निळं काय आहे?"

"मी."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "तिथेच थांब," तो घाईघाईने म्हणाला, "हलू नकोस, मी मोठं करून बघतो."

ते चित्र पाच दिवसांपूर्वीचं होतं. ताडपत्र्या ज्याच्या त्याच्या घरी गेल्या होत्या, राईत दोनदा पाऊस पडून गेला होता आणि मी अंगणात कपडे वाळत घालत होते. हातातला ओला शर्ट मी तसाच धरून ठेवला.

"थांबलेय," मी म्हटलं. "बघ."